बुकित लावांग (सुमात्रा): जावं की न जावं?

निरंजना_के
डिसेंबरात क्वालालंपूरला बहिणीकडे जातोय. तिथून इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटावरचं मेदान शहर विमानाने तासाभरावर, म्हणून सुमात्राचे चार-पाच दिवस जोडावेत असं चाललंय. मेदानपासून साधारण ९० किमीवर बोहोरोक नदीच्या काठी बुकित लावांग नावाचं छोटं गाव आहे. नदीच्या पलीकडे गुनुंग लेउसर राष्ट्रीय उद्यानाचं जंगल लागतं. लोक तिथे ओरांगउटान (तांबूस केसांचे मोठे वानर) पाहायला जातात. लेकीचा (वय १२) हट्ट तोच आहे. सोबत सासूबाई, पूर्ण शाकाहारी, गुडघे दुखरे.

एक प्रश्न नेहमीचा: राहायचं कुठे, खायचं काय, सासूबाईंना झेपेल का.
दुसरा जरा अवघड आहे. जितकं वाचतेय तितकं वाटतंय की जाऊच नये. कोणी म्हणतं पर्यटकांच्या पैशामुळे जंगल टिकलं, कोणी म्हणतं पर्यटकांनीच ओरांगउटानला केळी मागायला शिकवलं. जाऊन आलेल्यांनी लिहा प्लीज. न गेलेल्यांनीही लिहा, ते थांबणार नाहीत हे माहीत आहे :)

शेंगदाणा_लाडू
रुमाल टाकतो.

तिरकस
न गेलेल्यांच्या वतीने हजर. सासूबाई आणि ओरांगउटान एकाच सहलीत? धाडसी आहात. (ह. घ्या.)

पायवाट
करोनाच्या आधी गेलो होतो, त्या हिशेबाने वाचा.

मेदान सोडलं की बिंजाई येतं, आणि तिथून पुढे तेलाच्या पामची झाडं. तासन् तास पाम. एका रांगेत, एका उंचीची, खाली बाकी काही उगवलेलं नाही. फळांचे लाल-काळे घड भरलेले ट्रक सतत समोरून येतात आणि त्यांच्या वजनाने रस्त्याची पार वाट लागलेली. साडेतीन तास लागले. लेक मागच्या सीटवर असेल तर उलटीची गोळी आधीच द्या.

गाव नदीला चिकटून लांबट वसलंय. गाडी अलीकडेच थांबते, पुढे नदीकाठच्या पायवाटेने चालायचं. झुलते पूल आहेत. गेस्टहाऊस बहुतेक लाकूड-बांबूची, व्हरांड्यात झोपाळे. शुक्रवारी मोठा बाजार भरतो, आसपासच्या मळ्यांतली माणसं येतात. वस्ती मिश्र आहे: कारो, मलय, जावानीज. मशीद आहे, चर्चही आहे.

जंगलात वाटाड्याशिवाय जाता येत नाही. परवानाधारकांची संघटना आहे, एचपीआय. कार्ड मागून बघा, कोणी रागावत नाही. चढ उभा आणि निसरडा, मुळं धरून चढायचं. परतताना ट्रकच्या टायरच्या ट्यूबा एकमेकींना बांधतात, पुढे-मागे बांबू घेतलेला माणूस, आणि नदीतून थेट गावात. माझ्या बायकोच्या मते सगळ्या सहलीत हाच भाग पैसे वसूल करणारा.

ओरांगउटान दिसले. एक आई आणि तिच्या पोटाला लटकलेलं पिल्लू, डोक्यावर उंच. वाटाड्याने पिशवीतून केळं काढलं आणि ती खाली आली. आमच्यातल्या दोघांनी सेल्फी काढले. मी त्याला म्हटलं, हे चालतं का? तो हसला आणि म्हणाला, नाही चालत, पण तुम्ही लोक खाली उतरलेली आई बघितल्याशिवाय टिप देत नाही.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर मी अजून कुंपणावरच.

वनमाळी
पायवाट, त्या वाटाड्याने फार खरं सांगितलं.

निरंजना, आधी तिथला इतिहास लक्षात घ्या, म्हणजे केळ्याचा घोळ कळेल. १९७३ साली दोन स्विस प्राणिशास्त्रज्ञ बाया, रेगिना फ्राय आणि मोनिका बोर्नर, यांनी इथे ओरांगउटान पुनर्वसन केंद्र काढलं. लोक पिल्लं घरी पाळायचे. पिल्लू मिळवायचं म्हणजे आईला मारायचं. अशी जप्त केलेली जनावरं इथे आणून जंगलात राहायला शिकवायची, असा बेत होता. त्यासाठी रोज ठरावीक वेळी फळीवर मुद्दाम तेच ते खाणं ठेवायचे, कंटाळून ती स्वतः शोधू लागतील म्हणून. ते बघायला लोक येऊ लागले आणि गावात गेस्टहाऊस उभी राहिली.

पुढे शहाणपण आलं. माणसांत वाढलेली जनावरं रानटी कळपाजवळ सोडणं म्हणजे आपले आजार त्यांना देणं. आता उत्तर सुमात्रात जप्त झालेल्या ओरांगउटानना आधी विलगीकरणात ठेवतात आणि मग जांबी प्रांतात किंवा आचे प्रांतातल्या जांथोच्या जंगलात, जिथे ही जात आधीच नामशेष झाली होती, तिथे सोडतात. बुकित लावांगची फळी गेल्या दशकात बंद झाली. पण तिथे आधीच सोडलेल्यांना, त्यांच्या लेकरांना माणसाची भीती उरलेली नाही. तुम्हाला 'जंगली' म्हणून दाखवतात ते बरेचदा हे अर्धवट माणसाळलेले.

आणि सर्दीला हसू नका. आपल्याला साधी वाटते ती त्यांना जिवावर बेतू शकते. सुमात्रातली मादी सात-आठ वर्षांनी एकदा विते. एकूण जात चौदा हजारांच्या आसपास उरली आहे. एक पिल्लू गेलं की भरून यायला दशक जातं. निदान दहा मीटर अंतर, शिंका येत असतील तर गेस्टहाऊसवर बसा.

अनामिक_अनु
कळप? ओरांगउटान एकटे राहतात ना?

वनमाळी
बरोबर, कळप नाही, 'संख्या' म्हणूया. आई-पिल्लू सोडलं तर बहुतेक एकटे. लेउसरमध्ये फळं भरपूर असली की मात्र एकाच उंबरावर चार-पाच दिसू शकतात, बोर्नियो बेटावरच्या ओरांगउटानपेक्षा हे जरा मिळून-मिसळून राहणारे.

मालवणी_मसाला
ती मीना अजून आहे का? आम्हाला सगळ्यांनी आधी तिचंच भय घातलं होतं. पूर्वी पुनर्वसनातून सोडलेली मादी, वाटाड्यांना चावलेली म्हणून प्रसिद्ध. वाट अडवून बसायची, फळं दिली की जाऊ द्यायची.

तिरकस
आमच्या सोसायटीतही एक मीनाताई आहेत. त्यांना मेंटेनन्सची पावती लागते.

मालवणी_मसाला
:ड
पण विनोद बाजूला, तिचा दोष नव्हता. खायला मागायला शिकवलं आपण, आणि 'गुंड' ती.

घाटपांडे_नव्हे
मला हा पापपुण्याचा सूर पटत नाही. गावात काही शे घरं, शेती बेताची, आजूबाजूला मळे कंपन्यांचे. पर्यटक नसतील तर तरुण पोरं करतील काय? मळ्यावर घड तोडायला जातील नाहीतर रात्री करवत घेऊन नदीपलीकडे. पुण्यात एसीत बसून 'जाऊ नये' म्हणणं फुकटचं आहे. करोनात इंडोनेशियाच्या सीमा बंद झाल्या तेव्हा तिथल्या वाटाड्यांनी कसे दिवस काढले ते विचारा.

वनमाळी
'जाऊ नये' असं मी कुठे म्हटलं? खायला देऊ नका म्हटलं.

घाटपांडे_नव्हे
ठीक. मग भांडण मिटलं, चहा सांगा.

सह्यवेडी
नाही मिटलं :) प्रत्येक जण 'मी अंतर ठेवेन' म्हणून जातो आणि मग समोर पिल्लू आलं की मोबाइल बाहेर. ताडोब्यात एका वाघामागे लागलेल्या जिप्सी आठवा. नियम कागदावर सगळीकडेच असतात. मागणी फोटोची आहे, आणि जोवर गिऱ्हाईक फोटोला टिप देतं तोवर वाटाडा केळं काढणार.

माझं मत: त्याच लेउसरच्या कडेला तांगकाहान आहे, तिथे जा.

निरंजना_के
तांगकाहानबद्दल लिहा ना. तिथे हत्ती आहेत एवढंच वाचलं.

सह्यवेडी
हत्ती हा त्यातला कमी महत्त्वाचा भाग. (मला हत्तींना आंघोळ घालायचा प्रकार आवडला नाही. तिथले हत्ती पकडलेले, माणसाळवलेले आहेत. त्यांना गस्तीला नेतात हे ठीक, पण पर्यटकांची रांग लावून घासायला देणं हा पुन्हा केळ्याचाच मोठा भाऊ.)

खरी गोष्ट माणसांची आहे. बुलुह आणि बातांग सेरांगान या दोन नद्यांच्या संगमावरची ही वस्ती. ऐंशी-नव्वदच्या दशकांत इथले लोक राष्ट्रीय उद्यानातली झाडं बेकायदा तोडून नदीतून ओंडके सोडायचे. गावाचा धंदाच तो. वनखात्याचे लोक यायचे, पकडायचे, पोरं तुरुंगात जाऊन परत यायची. त्यातल्याच काहींनी विचार केला की हे फार दिवस चालणार नाही. २००१ मध्ये नामो सियालांग आणि सेई सेर्दांग या दोन गावांनी मिळून पर्यटन संस्था काढली, गावसभेत तोड बंद करायचा नियम केला. २००२ मध्ये उद्यान प्रशासनाशी करार झाला आणि उद्यानाच्या साडेसतरा हजार हेक्टरांच्या पट्ट्यात पर्यटन चालवायची आणि राखणीचीही जबाबदारी गावाने घेतली. कालपर्यंत करवत धरणारे गस्त घालू लागले. कुठली ओंडका-वाट कुठे निघते हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

रस्ता मात्र बुकित लावांगपेक्षा वाईट. सासूबाईंचे गुडघे सोडा, माझी कंबर गेली.

गडचिरोलीकर
हे वाचून आमच्या गडचिरोलीतलं मेंढा-लेखा गाव आठवलं. तिथे वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला, नंतर गावाने स्वतःचा बांबू स्वतः विकला. पण फरक आहे तो सांगतो. मेंढ्यात गावाला जंगलावर कायद्याने हक्क मिळाला. सह्यवेडींनी सांगितलं ते कराराचं प्रकरण आहे. करार दोन्ही बाजूंना जोवर परवडतो तोवर. उद्या पर्यटक आटले, लाकडाचा भाव वाढला, की काय? मी तिथे गेलेलो नाही, पण 'चोर सुधारले' इतकी गोड गोष्ट ऐकली की मी हिशेबाची वही मागतो.

सह्यवेडी
योग्य शंका. पैसे गावात कोणाकोणाला पोहोचतात यावर तिथेही कुरबुरी ऐकल्या. नदीकाठी ज्यांची जागा त्यांची चांदी, मागच्या गल्लीतल्यांना फार काही नाही. तरी नदीत ओंडके नव्हते.

भाकरतुकडा
मी इतका वेळ गप्प होतो, पण पायवाट यांनी पामचा उल्लेख केला म्हणून बोलतो. लातूरला खाद्यतेलाच्या धंद्यात आहे.

तुम्ही सगळे केळ्यावर भांडताय. जंगलाला खरी कात्री पामची, आणि त्या पामचं जगातलं सर्वांत मोठं आयातदार गिऱ्हाईक आपण. वर्षाला ऐंशी-नव्वद लाख टन पामतेल आपण बाहेरून आणतो, त्यातला मोठा वाटा इंडोनेशियाचा. फरसाणाच्या पाकिटावर मागे बारीक अक्षरांत 'पामोलिन' (म्हणजे पामतेलच) वाचा. बिस्किटं, वनस्पती, हॉटेलातली कढई, साबण. २८ एप्रिल २०२२ ला इंडोनेशियाने निर्यात बंद केली तेव्हा आमच्याकडे फोन थांबत नव्हते. तीन आठवड्यांनी, २३ मेला उठवली. का? कारण तिकडे गिरण्यांच्या टाक्या भरल्या, गिरण्यांनी फळ घेणं कमी केलं, आणि छोट्या शेतकऱ्याचा भाव कोसळला. शेतकरी राजधानीत मोर्चा घेऊन गेले.

हे सांगायचं कारण, पाम म्हणजे फक्त कंपनी नव्हे. इंडोनेशियातलं सुमारे चाळीस टक्के पामक्षेत्र छोट्या शेतकऱ्यांचं आहे. दोन-चार हेक्टरवाला. घड दर दोन आठवड्यांनी उतरतात, म्हणजे महिन्यातून दोनदा हातात रोख. आपल्या सोयाबीनवाल्याला विचारा वर्षातून किती वेळा रोख दिसते.

सह्यवेडी
म्हणजे जंगल कापलं तरी चालेल?

भाकरतुकडा
असं कसं म्हणेन? पण 'पाम बंद करा' हा उपाय नाही. एका हेक्टरात पाम तीन-चार टन तेल देतो, सोयाबीन अर्धा टन. पाम टाकून सोया घेतला तर तेवढ्याच तेलाला सहा-सातपट जमीन लागेल, ती कुठून आणणार? ब्राझीलमधून? भांडायचं तर नव्या तोडीवर भांडा. राष्ट्रीय उद्यानाच्या आत लावलेला पामही कुठल्यातरी गिरणीत जातो आणि एकदा टाकीत पडला की कायदेशीर-बेकायदेशीर सगळं एकच तेल. माग काढणारी साखळी पाहिजे, आणि भारतीय ग्राहक त्यासाठी किलोमागे दोन रुपये जास्त देणार का? माझा अनुभव: नाही देणार.

शेंगदाणा_लाडू
रुमाल उचलून बसतो आता. प्रतिसाद आवडला. चकली खाता खाता वाचत होतो, पाकीट उलटं केलं. पामोलिन.

तिरकस
लाडू, तुम्ही तरी नावाला जागा.

इतिहासाचा_कीडा
अवांतर, पण राहवत नाही. पामचं झाड सुमात्रातलं नाहीच, पश्चिम आफ्रिकेतलं. १८४८ मध्ये चार रोपं जावातल्या बोगोरच्या वनस्पती उद्यानात लावली. त्यांची संतती शोभेची झाडं म्हणून देली भागात, म्हणजे मेदानच्या आसपास पसरली. १९११ पासून व्यापारी मळे. त्याच्या आधी तिथे तंबाखू होता, देलीचा तंबाखू सिगारच्या बाहेरच्या पानासाठी युरोपात नावाजलेला. त्या मळ्यांवर चिनी, जावानीज आणि तमिळ मजूर आणले. म्हणून आज मेदानात कांपुंग मद्रास ही भारतीय वस्ती आहे आणि १८८४ चं मारिअम्मन मंदिर आहे.

आणि हे बुकित लावांग ज्या लांकात जिल्ह्यात येतं तिथेच तलागा साईदला १८८५ मध्ये खनिज तेलाची विहीर लागली. तेल काढायच्या त्याच परवान्यावर पुढे १८९० मध्ये रॉयल डच कंपनी निघाली, म्हणजे आजच्या शेल या तेलकंपनीचा एक पाय. एका जिल्ह्याने जगाला दोन्ही तेलं दिली असं म्हणा.

अनामिक_अनु
कीडा, तुमच्यासाठी वेगळा धागा काढू का?

इतिहासाचा_कीडा
काढाच.

निरंजना_के
बाप रे, मी दोन दिवस नव्हते तर शेलपर्यंत पोहोचलात. कांपुंग मद्रास मात्र टिपून ठेवलं, सासूबाईंच्या जेवणाची एक रात्र सुटली.

कोहळा
डिसेंबर म्हणताय, म्हणून जरा गंभीर मुद्दा. उत्तर सुमात्रात वर्षाअखेरचे महिने धो-धो पावसाचे. २ नोव्हेंबर २००३ च्या रात्री बोहोरोकला अचानक लोंढा आला. पाण्याबरोबर प्रचंड ओंडके होते. दोनशेहून जास्त माणसं गेली, नदीकाठची गेस्टहाऊस आणि घरं वाहून गेली. गाव पुढच्या वर्षी पुन्हा पर्यटकांसाठी उघडलं. कारणावरून तेव्हाच वाद झाला: एक बाजू बेकायदा तोडीला दोष देणारी, दुसरी म्हणे वरच्या उभ्या डोंगरात दरडी कोसळून पाणी तुंबलं आणि ते एकदम फुटलं. दोन्ही गोष्टी एकमेकींना खोडतात असं मला वाटत नाही.

तात्पर्य एवढंच की खोली काठावरची 'व्ह्यू'वाली घेऊ नका, वरच्या अंगाची घ्या. नदी गढूळ आणि फुगलेली असेल तर ट्यूबेत बसू नका, वाटाडा कितीही हो म्हणाला तरी. सोबत मूल आहे.

पायवाट
कोहळा, +१. आम्ही काठावरच राहिलो होतो, कोणी सांगितलं नव्हतं. गावातल्या चहावालीने आपणहून विषय काढला, तिचं अर्धं घर त्या रात्री गेलेलं. तरी तिथेच पुन्हा बांधलं. म्हणाली, गिऱ्हाईक नदीपाशी येतं, मी डोंगरावर चहा कोणाला विकू?

घाटपांडे_नव्हे
हेच. मी वर जे म्हणत होतो ते तुमच्या चहावालीने एका वाक्यात सांगितलं.

वनमाळी
निरंजना, लेकीसाठी एक गोष्ट. त्याच लेउसरमध्ये, पण दक्षिण आचेच्या बाजूला सुआक बालिम्बिंग नावाचं संशोधन केंद्र आहे. तिथे २०२२ च्या जूनमध्ये राकुस नावाच्या नराच्या गालावर जखम झाली. त्याने पिवळ्या वेलाची पानं चावली, रस आणि नंतर चोथा जखमेवर लावला, जखम भरली. गावकरी तोच वेल औषधाला वापरतात. २०२४ मध्ये शोधनिबंध आला. हे दिसलं कसं? लोक वर्षानुवर्षं लांबून, काही न देता, दुर्बीण लावून बसले म्हणून. तिला हे सांगून न्या, मग केळं काढणाऱ्या वाटाड्याला तीच थांबवेल.

निरंजना_के
सांगितलं. आता तिला राकुसच बघायचाय. तो दिसणार नाही हे समजावताना रडारड झाली.

असं ठरतंय: बुकित लावांगला तीन रात्री, वरच्या अंगाची खोली. तांगकाहान रस्त्यामुळे रद्द. जंगलात मी आणि लेक, वाटाड्याशी आधीच बोलायचं की खायला द्यायचं नाही, ओरांगउटान नाही दिसला तरी टिप पूर्ण. हे लेखी लिहून घेऊ का?

घाटपांडे_नव्हे
लेखी नको, अपमान वाटेल. अर्धी टिप निघतानाच हातात द्या. बाकीची परतल्यावर.

सह्यवेडी
अर्धी आधी ही कल्पना चांगली आहे, मान्य. आणि एक दिवसाऐवजी मुक्कामी जा, आत जितकं जाल तितकी न माणसाळलेली जनावरं दिसायची शक्यता. ओरांगउटानच्या नादात थॉमस लंगूर विसरू नका. करडं अंग, पांढरं पोट, डोक्यावर तुरा. ते फक्त उत्तर सुमात्रात आहे. पहाटे हुलॉक... नाही, तिथले गिबन (बिनशेपटीचे छोटे वानर) पांढऱ्या हातांचे. आणि सियामांग, म्हणजे मोठे काळे गिबन. त्यांची हाक ऐकली की लेक राकुसला विसरेल.

मालवणी_मसाला
जळवा! कोणी जळवांचं लिहिलंच नाही. लांब मोजे पँटवर ओढून घ्या. आंबोलीत पावसाळ्यात फिरला असाल तर काही नवीन नाही.

तळ्यात_मळ्यात
सासूबाईंसाठी: तेम्पे, तोफू, गादो-गादो (भाज्यांवर शेंगदाण्याची आमटीसारखी चटणी), तळलेली केळी. पण सांबालमध्ये बहुधा तेरासी असतं, म्हणजे वाटलेल्या सुक्या कोळंबीचा गोळा. 'तान्पा तेरासी' (तेरासीशिवाय) हे दोन शब्द पाठ करा. नूडल्सवरही बारीक कोळंबी किंवा मटणाचा रस्सा असू शकतो, 'शाकाहारी' म्हटल्यावरही. आम्ही मेतकूट आणि थेपले नेले होते, गेस्टहाऊसची इबू (मालकीणबाई) साधा भात करून द्यायची. रोकड मेदानमधूनच घेऊन जा.

खोलीचं दार-खिडकी बंद ठेवा. शेपटीवाली साधी माकडं आत शिरतात. आमचा एक थेपल्यांचा डबा गेला.

तिरकस
म्हणजे अन्नदान झालंच.

नवखा_प्रवासी
धागा उशिरा वाचला. मेदान विमानतळावर भारतीय पासपोर्टवर व्हिसा ऑन अरायव्हल मिळतो का?

तळ्यात_मळ्यात
मिळतो, तीस दिवसांचा. आधी ऑनलाइन काढला तर रांग वाचते. परतीचं तिकीट छापून ठेवा, आम्हाला मागितलं होतं.